बिनहाडाच्या प्राण्याचं वजन

"काय माल हाय?"

खिडकीतल्या माणसानं मान वर न करताच विचारलं. अकोटच्या धर्मकाट्यावर वजनाला गाडी लागली की पहिला प्रश्न हाच असतो आणि त्याची उत्तरंही ठरलेली असतात. कापूस, सरकी, ढेप, फार तर रेती.

"बैल," दामिनी म्हणाली.

आता मान वर झाली. तिशीला टेकलेला मुलगा. केसांत कापसाचा एक तंतू अडकलेला, आणि सकाळपासून ट्रकवाल्यांशी वाद घालून आलेला थकवा चेहऱ्यावर. त्यानं आधी तिच्याकडे पाहिलं, मग मागे उभ्या असलेल्या पिकअपकडे.

"इकाचा हाय का?"

"नाही. नुसतं वजन करायचंय."

"कायले?"

"एका मेलेल्या प्राण्याचं वजन काढायचंय, म्हणून."

तो खिडकीतून वाकला आणि पुन्हा एकदा पिकअपकडे पाहिलं. बैल कुटार चघळत होता आणि चांगला जिवंत होता.

"मले तं बरा दिसते," तो म्हणाला.

"मेलेला हा नाही हो. तो दुसरा. दहा हजार वर्षांपूर्वी मेला, तिकडे दक्षिण अमेरिकेत."

"अन् त्याचं वजन आमच्या काट्यावर होईन?"

आपण किती वेड्यासारखं बोलतोय हे दामिनीला त्या क्षणी पहिल्यांदा ऐकू आलं. तरी ती "हो" म्हणाली. आणि तो हसला नाही. ही गोष्ट तिनं नोंदवून ठेवली, कारण गेल्या दोन वर्षांत तिचा विषय ऐकून न हसलेला हा पहिलाच माणूस होता.

दामिनी अमरावतीची, राजापेठेतली. वडील शालिकराम यांचं तिथं फुलांचं दुकान, आणि भातकुलीजवळ घरचं झेंडूचं वावर. अशा घरातली मुलगी बी.एड. करेल, नाहीतर बँकेची परीक्षा देईल, असा नातेवाइकांचा अंदाज होता. तिनं प्राणीशास्त्रात पीएच.डी. धरली, आणि विषय घेतला तो स्लॉथचा. मावशीनं विचारलं होतं, स्लॉथ म्हणजे आपल्या मेळघाटातलं अस्वल का गं? दामिनीनं सांगितलं, नाही; अमेरिकेतल्या जंगलात झाडाला उलटा लटकून झोपा काढणारा एक प्राणी असतो, तो. त्याच्या नात्यातले काही प्राणी पूर्वी जमिनीवर चालायचे आणि हत्तीएवढे मोठे व्हायचे. आता त्यांची फक्त हाडं उरली आहेत. मावशीनं पुढचं काही विचारलं नाही. लग्नाचं तेवढं विचारलं.

तर त्या हाडांवरून वजन काढायचं. जिवंत प्राण्यांची हाडं मोजायची, त्यांची वजनं करायची, दोन्हींचं नातं आलेखावर मांडायचं आणि तीच रेघ पुढे ओढत न्यायची, स्लॉथच्या हाडापर्यंत. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात एकाच स्लॉथला कोणी दोन टनांचा ठरवतं, कोणी सहा टनांचा, आणि दोघंही आपल्या जागी विद्वान असतात. दामिनीला स्वतःच्या हातानं मोजलेल्या जनावरांवरून स्वतःची रेघ ओढायची होती. हाडांची सोय झाली होती. तिची मैत्रीण मोनाली अकोल्यात जनावरांची डॉक्टर होती, आणि तिच्याकडे उचलून नेता येईल असं एक्स-रे मशीन होतं. पण बैलाला वजनकाट्यावर उभं कसं करणार? मग मोनालीच म्हणाली, आमच्या अकोटला नेऊ. तिथं ट्रकचं वजन होतं, बैलाचं न व्हायला काय झालं.

घाईही होती. फेब्रुवारीअखेर अकोल्यात एक चर्चासत्र होतं. त्यातून एका संशोधकाची निवड होणार होती, अर्जेंटिनातल्या एका संग्रहालयात दहा महिने काम करायला. ज्या हाडांचे आकडे दामिनी दोन वर्षं संगणकाच्या पडद्यावर पाहत होती, ती खरी हाडं त्या संग्रहालयात होती. तिला ती हातात घ्यायची होती. आयुष्याकडे तिनं याच्याआधी फारसं काही मागितलं नव्हतं.

"गाडीसकट नका करू वजन," खिडकीतला मुलगा बाहेर येत म्हणाला. त्याचं नाव नितेश. काटा त्याच्या वडिलांचा, नत्थुजींचा. "डायव्हर एकदा बसते, एकदा उतरते. त्यातच माणूसभर फरक पडते. बैलच चढवू काट्यावर. तुमी तुमचं हाडाचं पाहा, वजनाचं मी पाहतो."

एवढी समजूतदार वाटणी त्या हंगामात अकोटात दुसरी झाली नसेल. दामिनी मोनालीबरोबर टिनाच्या शेडखाली मशीन जुळवायला गेली. मागून नत्थुजींचा आवाज आला, "चारशे साठ." तिनं आकडा लिहून घेतला आणि मागे वळून पाहिलं नाही. ते पाहायला हवं होतं, पण हे तिला फार उशिरा कळलं.

पुढच्या आठवड्यात ती परत आली तेव्हा काट्याच्या बाहेर बैलांची रांग होती.

"हे काय?" तिनं विचारलं.

"तुमाले पाह्यजे होते ना?" नितेश म्हणाला. "म्या गावात सांगतलं, फुकटात बैलाचं वजन करून भेटते. आता जो तो म्हणते, माहा बैल शेजाऱ्याच्या बैलाहून भारी."

बैल खरंच भारी होते. संशय येण्याइतके भारी. चौकशी केली तेव्हा समजलं की रात्री मीठ लावलेलं कुटार खाऊ घालून पहाटे पोटभर पाणी पाजून मंडळी बैल घेऊन आली होती. दामिनीनं कपाळावर हात मारला. नितेशनं रांगेसमोर उभं राहून जाहीर केलं की पुढच्या वेळेपासून उपाशी बैलाचंच वजन होईल, आणि ज्याचा बैल काट्यावर मुतला त्याचा नंबर जाईल. लोकांनी हे निमूट ऐकलं. असला माणूस संशोधनात सापडणं ही चैन आहे, असं दामिनीनं मोनालीला सांगितलं. मोनालीनं तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"संशोधनात, होय ना?" ती म्हणाली.

"मग कशात?"

"नाही, मी आपलं विचारलं."

असं करत थंडीचे दिवस जात राहिले. दामिनी अमरावतीहून दर्यापूरमार्गे एसटीनं यायची, आणि कधी नितेश तिला घ्यायला स्टँडवर यायचा, "इकडं कामच होतं" असं सांगून. त्याचं स्टँडवर काय काम असायचं हे तिनं कधी विचारलं नाही, आणि त्यानंही कधी सांगितलं नाही. दोघं गाडीवरून जाताना वाऱ्यावर कापसाचे तंतू उडायचे. काट्याशी पोचल्यावर तो म्हणायचा, "केसात कापूस हाय तुमच्या." ती म्हणायची, "तुमच्याही आहे." मग दोघंही आपापला कापूस काढायचे. दुसऱ्याचा काढायची हिंमत कोणाचीच नव्हती.

एकदा अवकाळी पाऊस आला. बैलवाले घरी पळाले. मोनाली तिच्या मशीनला ताडपत्री गुंडाळत बसली. दामिनी आणि नितेश काट्याच्या खोलीत खिडकीशी उभे राहिले. बाहेर लोखंडी पाट्यावर पाणी साचत होतं, आणि पाट्यावर कोणी नसताना आकड्यांच्या डब्यात दहा उमटलं.

"हे काय?" दामिनी म्हणाली.

"पाणी. काटा दहा-दहा किलोनंच सांगते. दहा किलो पाऊस झाला म्हणाचं."

"पावसाचं वजन..." ती हळूच म्हणाली. आपल्याला एवढा आनंद कशाचा झालाय हे तिला नीट सांगता आलं नसतं. तिनं वर पाहिलं. तो पावसाकडे पाहत नव्हता.

"तुमी... असंच सगळ्याचं वजन काढता का?" त्यानं विचारलं.

"ज्याचं काढता येतं त्याचं."

"अन् ज्याचं नाई येत?"

"त्याचा अंदाज."

"मंग माहा अंदाज काय हाय तुमचा?"

दामिनीनं त्याच्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, अगदी शास्त्रीय नजरेनं. निदान तिनं तशी ठरवली होती. डोक्यापर्यंत पोचता पोचता ती नजर शास्त्रीय राहिली नाही.

"अजून पुरेशी मापं हातात नाहीत," ती म्हणाली.

"घ्या नं मंग. मी कुठं जाऊन राहिलो."

पाऊस थांबला. आकडा पुन्हा शून्यावर आला की नाही हे दोघांपैकी कोणी पाहिलं नाही.

जानेवारीत तिला ताप आला आणि ती दोन आठवडे राजापेठेतल्या घरी पडून राहिली. तेव्हा लहान जनावरांचं काम बाकी होतं. आलेखाच्या या टोकालाही ठिपके लागतात. नुसते मोठे बैल घेऊन रेघ ओढता येत नाही. नितेशनं ते काम परस्पर उरकलं. मोनालीकडून वासरांचे आणि कालवडींचे एक्स-रे करून घेतले, वजनं करून पाठवली, आणि बरोबर एक फोटोही पाठवला. त्यात एक तांबडं वासरू होतं, त्याचं दावं होतं, आणि दावं धरून हसणारा नितेश होता. दामिनीनं तो फोटो तापात कितीदा पाहिला याचा हिशेब नाही. वासराकडे तिनं एकदाही पाहिलं नाही, आणि वासरू कुठं उभं आहे, दावं धरणारा कुठं उभा आहे, याकडेही नाही. आकडे तिनं तसेच घातले. प्रेमात पडलेल्या माणसाला संशोधन करू देऊ नये, असा नियम कोणत्याही विद्यापीठात नाही. तो असायला हवा.

तिच्या मार्गदर्शक शकुन मॅडम मात्र कोणाच्या प्रेमात नव्हत्या. त्यांनी आलेख पाहिला आणि चष्मा काढला.

"दामिनी, तुझा स्लॉथ वाळलाय गं. एवढं जाड हाड, आणि दोन टनसुद्धा धड नाही? आणि ही तुझी रेघ डावीकडे खाली का येत नाहीये?"

"म्हणजे?"

"म्हणजे हाड लहान-लहान करत शून्यावर नेलं, तर वजनही शून्याच्या आसपास यायला हवं. तुझं येत नाही. लहान जनावरं आहेत त्याहून भारी भरलीत, म्हणून रेघ सपाट झालीय आणि पुढे स्लॉथ हलका पडलाय. तुझ्या रेघेप्रमाणे ज्या प्राण्याला हाडच नाही, त्याचं वजन एकाहत्तर किलो आहे." मॅडमनी चष्मा परत घातला. "कोण आहे हा बिनहाडाचा प्राणी?"

दामिनीला वासरांचे आकडे आठवले. एवढंसं वासरू आणि एकशे चाळीस किलो. ती उठून व्हरांड्यात गेली, फोन काढला, आणि तो फोटो आयुष्यात पहिल्यांदा नीट पाहिला. वासरू काट्याच्या पाट्यावर उभं होतं. दावं धरून हसणारा माणूसही काट्याच्या पाट्यावरच उभा होता.

तिनं तिथूनच फोन लावला.

"तुम्ही वजन करताना काट्यावर उभे राहता?"

"हो," नितेश म्हणाला. "मंग? बैल एकटा उभा राहीन का?"

"प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी. काहून?"

"आणि तुमचं वजन... ते वजा कोण करणार?"

मग तो अगदी खरेपणानं म्हणाला, "आमचं वजन कोण धरते? मी काट्याचाच माणूस. ट्रकात दहा टन कापूस असते, त्यात मी असलो काय अन् नसलो काय."

दामिनीचा तोल गेला. ती कॉलेजात, परक्यांशी नीट पुस्तकी बोलायची. संताप आला की घरची भाषा बाहेर यायची.

"डायव्हरले उतर म्हणतोस अन् स्वतः उभा राहतोस? दोन वर्षांचं काम हाय माह्यं. समजते का तुले काही? पंधरा दिवसांवर चर्चासत्र हाय. सारं पाण्यात घातलं तू. आता काही पाठवू नको मले. काहीच नको."

फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण त्याला पहिल्यांदाच अरेतुरे केलं. त्यासाठी ही वेळ तिनं निवडली नसती.

त्यानं खरंच काही पाठवलं नाही. फोटो नाही, आकडा नाही, साधा "आता बरं हाय का" हा प्रश्नसुद्धा नाही. दामिनी पहिले दोन दिवस म्हणाली, बरं झालं. तिसऱ्या दिवशी तिला मनातल्या मनात कबूल करावं लागलं की चूक अर्धी आपली होती, कारण वजनाकडे पाठ करून आपण उभ्या होतो. आणि त्याच्यानंतरच्या दिवशी हेही कबूल करावं लागलं की आपल्याला चर्चासत्राची काळजी आहे, पण झोप त्याच्यामुळे उडालेली नाही.

"सगळ्यांतून एकाहत्तर वजा करते," ती मॅडमना म्हणाली.

"तो आकडा आला कुठून? तुझ्याच आलेखातून. तोच काढून त्याच आलेखात घालायचा, याला परीक्षक हसतील." शकुन मॅडम शांतपणे म्हणाल्या. "त्या माणसाचं खरं वजन करून आण. जुळलं तर तू वाचलीस."

तेव्हा दामिनी अकोटला गेली. स्टँडवर कोणी आलं नव्हतं.

नितेश काट्याच्या खोलीत होता. तिला पाहून तो उठून उभा राहिला. त्यानं काही म्हणायच्या आत तिनं सगळं एका दमात सांगितलं, प्रमाण मराठीत, 'तुम्ही' लावून. चूक कशी झाली, ती सुधारायची कशी, आणि त्यासाठी त्याचं वजन का हवंय. तो मान खाली घालून ऐकत राहिला.

"सांगा कुठं उभं राहू," एवढंच म्हणाला.

धर्मकाटा दहा-दहा किलोंनी मोजणारा. तो कामाचा नव्हता. शेजारच्या जनावरांच्या ढेपीच्या दुकानात पोती तोलायचा काटा होता. नितेश त्याच्यावर उभा राहिला. दामिनीनं वाकून आकडा वाचला.

सदुसष्ट.

तिनं त्याला उतरायला लावलं, परत चढवलं. सदुसष्ट. तिनं स्वतः चढून काटा तपासून पाहिला. काटा ठीक होता.

"नाही जमलं का?" त्यानं विचारलं.

"चार किलोंचा फरक आहे." ती काट्यावरून उतरली. "मग माझ्या आलेखातली गडबड तुमच्यामुळे नाही... किंवा फक्त तुमच्यामुळे नाही. आणखी काहीतरी चुकलंय, आणि ते शोधायला आता वेळ नाही."

अर्जेंटिना तिथंच, ढेपीच्या पोत्यांमध्ये संपलं असं तिला वाटलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते लपवलं नाही. नितेश परत एकदा काट्यावर चढला, आकडा बदलतो का ते पाहायला.

तेवढ्यात त्याची आई, सुभद्राबाई, रस्ता ओलांडून आली. हातात जेवणाचा डबा होता. तिनं काट्याकडे पाहिलं, आकड्याकडे पाहिलं, आणि मग मुलाकडे.

"सदुसष्ट?" ती म्हणाली. "दिवाळीत याच काट्यावर एकाहत्तर भरला होता पोट्टा. आता भरन कसा? इतले दिवस झाले, डबा जसा देते तसा वापस येते. जेवूनच नाई राहिला." मग ती दामिनीकडे वळली. "तू अमरावतीची ना, पोरी? तूच सांग याले. माह्यं ऐकत नाई."

डबा पोत्यावर ठेवून सुभद्राबाई निघून गेली. ती सगळं समजून बोलली की काही न समजता, हे दामिनीला पुढेही कधी कळलं नाही.

नितेश काट्यावरून उतरून पोत्यांशी उभा राहिला.

"काहून नाही जेवत?" दामिनीनं विचारलं.

"भूक नाई लागत."

"कधीपासून?"

"तुमचा... तुहा फोन आला तवापासून." तो पोत्याच्या शिवणीकडे पाहत बोलत होता. "तू म्हटलं दोन वर्षांचं काम पाण्यात घातलं. मले वाटलं, हिले जे पाह्यजे होतं थेच म्या घालवलं. मंग घास जाईना."

"फोन करायचा होता."

"तू म्हटलं होतं काही पाठवू नको."

दामिनीला हसू आलं आणि रडूही आलं. दोन्ही एकदम आल्यावर माणूस कसं दिसतं याची तिला कल्पना होती. म्हणून तिनं तोंड फिरवलं.

"एक बैल आणा," ती भिंतीकडे पाहत म्हणाली. "आधी वजन केलेला. या वेळी दावं लांब घ्या आणि पाट्याच्या बाहेर उभे राहा."

त्या दुपारी जुन्यातले जेवढे बैल मिळाले तेवढे पुन्हा चढवले. नितेश रस्त्यावर उभा राहून लांबूनच दावं धरत होता आणि नत्थुजी आतून आकडा सांगत होते. या वेळी दामिनी पाट्याकडे तोंड करून उभी होती. कधी साठ कमी, कधी ऐंशी कमी, बहुतेकदा सत्तर कमी. सगळ्यांची सरासरी एकाहत्तरच्या आसपास आली. सुभद्राबाईनं सांगितलेलं नितेशचं दिवाळीचं वजन आणि आलेखातला बिनहाडाचा प्राणी, दोघं एकच होते.

"जमलं?" नितेशनं विचारलं.

"जमलं. स्लॉथ परत साडेतीन टनांचा होईल बहुतेक."

"म्हणजे आता जाशीन तू. तिकडं."

"निवड झाली तर."

"होईनच." त्यानं दावं गुंडाळलं. तो एवढा वेळ लावून दावं गुंडाळणारा माणूस नव्हता. "एक सांगतो. उत्तर नको देऊ, गाडीची वेळ झाली तुही. स्टँडवर माह्यं कधीच काही काम नव्हतं. मी तुलेच घ्याले येत होतो. मले तू आवडते... लय आवडते. तू गेली तरी आवडशीन. बस."

आणि त्यानं खरंच उत्तराची वाट न पाहता गाडी सुरू केली. तिला स्टँडवर सोडलं, खिडकीतून तिची बॅग आत दिली. एसटी हलली. एवढ्या मोठ्या स्लॉथचं वजन सांगता येणाऱ्या मुलीला एका साध्या वाक्याचं उत्तर देता आलं नाही. दर्यापूरपर्यंत ती स्वतःवरच चिडत राहिली.

चर्चासत्राच्या दिवशी अकोल्याच्या त्या सभागृहात पंखे होते आणि गर्दी बेताची होती. दामिनीनं आपलं काम मांडलं. शेवटच्या रांगेत, दाराशी, इस्त्रीचा शर्ट घातलेला नितेश बसला होता. त्याला मोनालीनं आणलं होतं, आणि तो परीक्षेला आपणच बसल्यासारखा ताठ होता.

पुण्याहून आलेले परीक्षक वयस्कर होते आणि त्यांचं सगळीकडे लक्ष होतं.

"एक शंका आहे," ते म्हणाले. "प्रत्येक जनावरातून तुम्ही एकाहत्तर किलो वजा केलेत. हे कशाचे?"

शकुन मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. तोलाची चूक, उपकरणातली त्रुटी, अशी बरीच सभ्य उत्तरं उपलब्ध होती.

"जनावर धरायला एक माणूस होता, सर," दामिनी म्हणाली. "पहिल्या दिवसापासून प्रत्येक वेळी होता. मी हाडांकडे पाहत होते, म्हणून तो मला दिसलाच नाही. नंतर दिसला."

"बरं. म्हणजे आता त्याला काढून टाकलंत."

"आकड्यांतून काढलं, सर." ती थांबली. परीक्षकांच्या डोक्यावरून तिनं सरळ शेवटच्या रांगेकडे पाहिलं. "बाकी कुठून काढणार नाही. मले तो पाह्यजे हाय."

सभागृहात आधी कोणाला काही कळलं नाही. मग मोनाली खोकली आणि पुढच्या रांगेतल्या दोन मुली मागे वळून पाहू लागल्या. नितेश आपल्या बुटांकडे पाहत होता आणि त्याचे कान लाल झाले होते. परीक्षकांनी चष्म्यावरून दामिनीकडे पाहिलं, आणि म्हणाले, "चूक स्वतः शोधून इतक्या स्पष्टपणे सांगणारे कमी असतात. पुढचा प्रश्न."

निवड तिचीच झाली. संध्याकाळी निकाल लागला तेव्हा ती आणि नितेश बाहेर फाटकाशी उभे होते.

"दहा महिने," दामिनी म्हणाली.

"जाय तू. हाड हातात घे. मी काही म्हणत नाई."

"म्हण ना पण काहीतरी."

"मले करमणार नाई," तो म्हणाला. "पण तू न गेल्यावर तुले करमलं नसतं. थे मले पाहवलं नसतं."

मग तिनं त्याच्या केसांतला कापूस काढला. अकोल्यात त्या दिवशी वारा नव्हता, त्यामुळे केसांत कापूसही नव्हता. पण दोघांनीही तसं दाखवलं नाही. तिनं फोन काढून राजापेठेत दुकानावर लावला.

"बाबा, माझी निवड झाली."

शालिकराम यांचा आवाज गिऱ्हाइकांच्या गलक्यातून आला. त्यांनी ते दोनदा ऐकून घेतलं आणि शेजारच्या दुकानदाराला ओरडून सांगितलं. मग दामिनी म्हणाली, "आणि रविवारी एकजण घरी येणार हाय. अकोटचा. त्याच्या बापाचा धर्मकाटा हाय. मले आवडते तो, बाबा. मी आल्यावर त्याच्याशीच लग्न करीन म्हणते."

पलीकडे कोणीतरी हारांची घासाघीस करत होतं. शालिकराम यांनी त्याला थांब म्हटलं.

"जेवाले थांबन ना?" मग त्यांनी विचारलं.

दामिनीनं नितेशकडे पाहिलं. त्याला पलीकडचं काही ऐकू येत नव्हतं, आणि चेहऱ्यावरून काय चाललंय ते वाचायचा त्याचा प्रयत्न चालला होता.

"थांबन," ती म्हणाली. "जरा जास्तच करून ठेवाले सांगा आईले."